गुरुदेव स्टेजवर का आले?

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि विषय निघाला शाळेच्या गॅदरिंगचा. एक ताई म्हणाल्या, "आमची पोरगी नाचात नाही. तिच्या आजीला चालत नाही." आता ही आजी नागपंचमीला फेर धरण्यात सगळ्यांच्या पुढे! पण स्टेज म्हटलं की बायकांच्या पोटात गोळा येतो. मला बी. ए. ला असताना वाचलेली एक हकीकत आठवली.

बंगालमध्ये शांतिनिकेतन इथं रवींद्रनाथ टागोरांची शाळा होती. सगळे त्यांना गुरुदेव म्हणत. १९१९ साली सिल्हेटला गेले असता त्यांनी मणिपुरी लोकांचा नाच पाहिला आणि हे आपल्या मुलांना शिकवायचंच असं ठरवलं. त्रिपुराहून बुद्धिमंत सिंह नावाचे गुरुजी आले. पण त्या काळी नाच हा शब्दच बदनाम. म्हणून मृदंगाच्या तालावरचा व्यायाम म्हणून तो सुरू झाला. आपणही घरी 'मीटिंगला जाते' म्हणून काय काय करून येतो, तसंच हे!

१९२६ साली गुरुदेवांच्या वाढदिवसाला मुलींनी 'नटीर पूजा' हे नाटक बसवलं. त्यात सगळी पात्रं बायकांची. गोष्ट राजवाड्यातल्या श्रीमती नावाच्या नर्तकीची. राजानं बुद्धाच्या पूजेला बंदी केलेली असते, आणि पूजेच्या जागीच नाचायचा हुकूम तिला होतो. ती नाचते. नाचता नाचता एकेक दागिना काढून टाकते, आणि खाली दिसतं भिक्षुणीचं वस्त्र. तिथंच तिला मारतात. ही श्रीमती झाली होती प्रसिद्ध चित्रकार नंदलाल बोस यांची मुलगी गौरी.

शाळेत ठीक होतं. पण पुढच्या वर्षी हे नाटक कलकत्त्यात करायचं ठरलं. चांगल्या घरच्या मुली परक्या लोकांपुढे नाचणार, म्हणजे बोलणारी तोंडं आलीच. तेव्हा गुरुदेवांनी नाटकात एक नवं पात्र घातलं, उपाली नावाच्या भिक्षूचं, आणि ते स्वतः केलं. पासष्टीचे, जगभर नावाजलेले गृहस्थ मुलींसोबत स्टेजवर उभे राहिले. आता बोलणार कोण?

पुढे नाच वाढत गेला. १९३३ साली ही मंडळी मुंबईलाही येऊन गेली. नाच बसवण्याचं बरंच काम गुरुदेवांच्या सूनबाई प्रतिमादेवी करत. त्या बालविधवा, त्यांचा पुनर्विवाह गुरुदेवांनी आपल्या मुलाशी लावून दिला होता. कोणी कुठं उभं राहायचं, गाण्याच्या कुठल्या शब्दाला हात कसा न्यायचा, हे त्या बघत. नाव मात्र सासऱ्यांचं जास्त झालं. असो.

१९३६ साली 'चित्रांगदा' घेऊन ते गावोगाव फिरले, शाळेसाठी पैसे जमवायला. वय पंचाहत्तरीला आलेलं. दिल्लीत गांधीजींनी ६० हजार रुपये मिळवून दिले आणि आता या वयात ही वणवण पुरे, असं सांगितलं.

मी त्या ताईंच्या घरी गेले. नाचाला परवानगी द्या, असं म्हटलंच नाही. आजींना एवढंच विचारलं, "पोरींना पंचमीचा जुना फेर बसवायचाय, पावलं कोण दाखवणार?" सध्या रोज पाच वाजता मारुतीच्या पारावर तालीम असते. आजी खुर्ची नको म्हणतात, कारण बसायला त्यांना वेळच नसतो.