फिरंगी पातें आणि मऱ्हाटी मूठ

शिवनेरीच्या पायथ्याशीं वसलेलें जुन्नर हें नाणेघाटाच्या वाटेवरचें जुनें पेठेचें गांव. कोंकणच्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून येथें येई. परक्यांचा राबताहि येथें फार जुना. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आजहि वाचावयास मिळतात. ह्याच शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्या शतकांत दख्खनी घोडेस्वाराच्या कमरेला जी लांब, सरळ तलवार असे, तिचें नांवच 'फिरंग'. मूठ येथली, पातें मात्र फिरंग्यांच्या मुलखांतलें.

घड्याळ घेतांना गिऱ्हाईक जसें आधीं कारखान्याचें नांव पाहतें, तसा त्या काळचा शिलेदार पात्यावरील ठसा पाही. जेनोआच्या पात्यावर दांतेरी विळ्यासारख्या दोन खुणा असत. जर्मनींतील पासाऊ गांवच्या पात्यावर धांवता लांडगा कोरलेला असे. कांहींवर इटलींतील आंद्रेआ फेरारा ह्या कारागिराचें नांव असे. जर्मन तलवारीला आपल्याकडे 'आलेमानी' म्हणत. पूर्वेकडील माल पसंत करणारे इस्फहानच्या असदउल्लाचें नांव शोधीत.

ह्या नांवांवर लोकांची इतकी भिस्त कीं, नक्कल होणें अटळच होतें. पासाऊचा लांडगा झोलिंगेनच्या लोहारांनीं उचलला. फेरारा वारल्यावरहि त्याच्या नांवाचीं पातीं कित्येक पिढ्या निघत राहिलीं. असदउल्लाच्या सहीखालीं तर इतक्या दूरदूरचीं सालें आढळतात कीं, तो शतकाहून अधिक काळ ऐरणीपाशीं उभा होता असें तरी मानावें, किंवा सही हा एक धंदाच होता असें म्हणावें! आपले लोहारहि मागें राहिले नाहींत. जेनोआच्या विळ्या त्यांनीं देशी पात्यांवर बिनदिक्कत उठविल्या. म्हणून जाणता मनुष्य ठसा पाहून थांबत नसे. पातें वांकवून सोडावें, तें पुन्हां सरळ होतें कीं नाहीं तें पाहावें, आणि मगच बोलावें.

सरळ आणि वांकडी, असे तलवारीचे दोन पक्ष होते. वांकडी तलवार ओढून कापते, आणि गर्दींत आटोपशीर पडते. फिरंगेचा पल्ला लांब. घोड्यावरून भोंसकण्यास व छाटण्यास ती सारखीच उपयोगी. मोगलांचा ओढा पहिलीकडे, मराठ्यांचा दुसरीकडे. अर्थात् दोन्हीं सैन्यांत दोन्हीं हत्यारें होतींच, हा फरक केवळ आवडीचा. समकालीन चित्रांत महाराजांच्या हातीं सरळ पात्याचें हत्यार दिसतें. ह्या दोन आवडींची सरहद्द जुन्नरवरूनच जात होती. १६५७ च्या एप्रिलअखेरीस महाराजांनीं रात्रीं दोराच्या शिड्या लावून हें शहर गांठलें, आणि तीन लाख होन व दोनशें घोडे नेले. परंतु जन्मस्थान त्यांच्या हयातींत हातीं आलें नाहीं. १६७५ सालीं इंग्रज वैद्य जॉन फ्रायर येथें आला, तेव्हांहि किल्ल्यावर मोगलांचाच अंमल होता.

परक्या पात्याला आपलेपण आणलें तें मुठीनें. आंतून गादी शिवलेली, पंजा झांकणारी, टोंकाशीं डाव्या हातानें धरावयाचा गज असलेली मुल्हेरी मूठ बसली कीं, जेनोआचें पातें मऱ्हाटी होई. परक्या धातूला असें आपल्या घरीं स्थान देण्याचें उदाहरण आंबेगांवच्या सीमेवरहि आहे. १७३९ सालीं वसई घेतल्यावर चिमाजी अप्पांनीं आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकीं एक भीमाशंकरीं टांगली आहे.

पुढें तलवारी म्यानांत गेल्या, तरी अभिमान गेला नाहीं. महाराजांची खरी भवानी कोठें, ह्यावर सातारकर आणि कोल्हापूरकर यांचा प्रेमाचा झगडा पिढ्यान् पिढ्या चालला आहे. साताऱ्याच्या राजघराण्यांत पूजिली जाणारी तलवार ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत नमूद केली आहे, आणि तिचें पातें उत्तम जेनोआचें असल्याचा निर्वाळा दिला आहे. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनीं १८७५-७६ च्या दौऱ्यांत इंग्लंडच्या युवराजांस दिलेली जगदंबा लंडनच्या राजसंग्रहांत आहे. तिच्या पात्यावर येशूच्या नांवाचीं तीन लॅटिन अक्षरें आहेत. मुख्यमंत्री अंतुले यांनीं १९८० च्या सुमारास भवानी परत आणण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हां हा वाद घरोघर पोंचला. वादांत दोन्हीं बाजू नांवावर हटून बसतात. आपापल्या तलवारीचें पोलाद समुद्रापलीकडचें आहे, ह्याची मात्र कोणासहि खंत नाहीं. आणि नसावी हेंच योग्य.

त्या काळच्या धन्यांनाहि ती नव्हती. नागपूरकर पहिल्या रघोजी भोसल्यांची तलवार २०२५ सालीं महाराष्ट्र सरकारनें लंडनच्या लिलांवांत सुमारें सत्तेचाळीस लाख रुपयांस घेतली. मूठ मुल्हेरी, पातें युरोपांतलें. त्या पात्याच्या पाठीवर देवनागरी सुवर्णाक्षरांत धन्याचें नांव आहे, 'सेनासाहेब सुभा' हा किताब आहे, आणि शेवटीं 'फिरंग' हा शब्दहि आहे.