व्हिटमनने जुळविलेली पाने

ग्रंथकर्ता पदरमोड करून आपले पुस्तक आपणच छापवितो, तेव्हा पुस्तकाच्या आतील मांडणीही बहुधा त्यालाच पाहावी लागते. समास किती सोडावा, ओळ कोठे मोडावी, हे प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतात. पण एखादे वेळी सबंध काव्याचा घाट त्यांवर अवलंबून असतो. वॉल्ट व्हिटमनच्या 'लीव्हज ऑफ ग्रास'ची गोष्ट आम्ही घेतली आहे ती याचसाठी.

व्हिटमन बाराव्या वर्षापासून छापखान्यात वाढलेला. खिळे जुळविणे हे त्याचे पोटाचे कसब. १८५५ साली ब्रुकलिनमधील रोम बंधूंच्या छापखान्यात त्याने स्वखर्चाने ७९५ प्रती छापविल्या, आणि दहाएक पाने स्वतःच्या हातांनी जुळविली. शीर्षकपृष्ठावर पुस्तकाचे नाव आहे, गाव आहे, साल आहे. कवीचे नाव मात्र नाही! त्याऐवजी समोर एक चित्र: अंगात नुसता सदरा, डोक्यावर हॅट, एक हात कमरेवर, दुसरा खिशात. गद्य प्रस्तावना वर्तमानपत्राप्रमाणे दोन रकान्यांत बसविलेली. पुढे बारा कविता, पण स्वतंत्र मथळा एकीलाही नाही.

पान मात्र चांगले ऐसपैस, सुमारे ११ इंच उंचीचे. असे का? आपल्या पोथीत ओव्या सलग लिहिलेल्या असतात. दंडांमध्ये आकडा आला की ओवी संपली हे वाचणाऱ्याला कळते. कागदाची कड कोठे येते याचे तेथे महत्त्व नाही. व्हिटमनला ही सोय नव्हती. यमक नाही, मात्रांचा हिशेब नाही. ओळ कोठे संपते हीच काय ती खूण. म्हणून लांब ओळीला रुंद पान हवे. त्यातूनही न मावलेला भाग खाली, थोडा आत सरकवून घ्यायचा. काही अभ्यासक याचे कारण वेगळे देतात. रोम बंधू प्रामुख्याने कायद्याचे छापील नमुने काढीत, तेव्हा त्याच आकाराचा कागद हाताशी होता, असे ते म्हणतात. आम्हांला दोन्ही कारणे खरी वाटतात. कसलेला जुळारी कागद पाहूनच मांडणी ठरवितो.

१८५६ ची दुसरी आवृत्ती खिशात मावेल एवढी निघाली. कविता ३२ झाल्या, त्यांना मथळे आले. पण त्या चिमुकल्या पानावर ओळींचे दोन-दोन, तीन-तीन तुकडे पडले. पुस्तक सुटसुटीत झाले खरे, पण आम्हांला विचाराल तर ओळीचा दम गेला.

पहिल्या आवृत्तीतील एक गंमत सांगावयाची राहिली. तिच्यातील पहिल्या दीर्घ कवितेच्या अखेरीस बहुतेक प्रतींत पूर्णविराम नाही. हे आत्मगान कधी संपतच नाही, असे कवीला सुचवावयाचे आहे, असा अर्थ टीकाकारांनी काढला. पुढे निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या, तेव्हा काहींत तो पूर्णविराम जागच्या जागी आढळला. छपाई चालू असताना तो खिळा निसटला असावा.