सल्फोन बहुवारिके व त्यांची मिश्रणे

ज्यांच्या रेणूंच्या साखळीत गंधकाचा एक व ऑक्सिजनचे दोन अणू असलेला सल्फोन गट पुन्हापुन्हा येतो, अशी उष्णता सोसणारी प्लास्टिके. प्रमुख प्रकार तीन : पॉलिसल्फोन (पीएसयू), पॉलिइथरसल्फोन (पीईएस) आणि पॉलिफिनिलसल्फोन (पीपीएसयू). पहिले अमेरिकेच्या युनियन कार्बाइडने 1965 मध्ये बाजारात आणले.

सोलापुरात सात रस्ता चौकात कोणी पीएसयू मागितले, तर दुकानदार तोंडाकडे पाहत राहील. ‘आरओची मेम्ब्रेन’ म्हणताच तोच पदार्थ पुढ्यात येईल. उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड आणि एरवी बोअरचे क्षारयुक्त पाणी, अशा या शहरात पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र चैनीचे राहिलेले नाही. मेम्ब्रेनच्या गुंडाळीत तीन थर असतात. तळाशी पॉलिएस्टरचे कापड. पण चादरींच्या या गावाला ओळखीचे ताणे-बाणे त्यात नसतात, ते न विणलेले असते. त्यावर सच्छिद्र पॉलिसल्फोन आणि सर्वांत वर पॉलिअमाइडचा अतिपातळ पापुद्रा. क्षार अडवतो तो पापुद्रा. पाण्याचा दाब सोसायला त्याला आधार देतो पॉलिसल्फोन. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पॉलिसल्फोन बऱ्यापैकी पचवते, पापुद्र्याला मात्र क्लोरीन खाते. म्हणून आधी कार्बनची कांडी बसवतात.

गुणधर्म : पीएसयू सुमारे 185 अंश सेल्सिअसपर्यंत कडक राहते, इतर दोन सुमारे 220 अंशांपर्यंत. तिन्ही पारदर्शक, मधासारख्या पिवळसर झाकेची. उकळते पाणी व वाफ यांनी त्यांची साखळी सहसा तुटत नाही. पीपीएसयूची शस्त्रक्रियेची तबके वाफेच्या निर्जंतुकीकरणाच्या हजारभर फेऱ्या काढतात. उन्हात मात्र ही सल्फोने आणखी पिवळी पडतात व ठिसूळ होतात, आणि डायक्लोरोमिथेनमध्ये पीएसयू चक्क विरघळते.

मिश्रणे : दोन सल्फोने एकत्र वितळवली म्हणजे ती एकजीव होतातच असे नाही. पीएसयू व पीईएस वेगवेगळीच राहतात, मिश्रण धुरकट दिसते आणि दोन निरनिराळ्या तापमानांना मऊ पडते. भारतीय रसायन-उद्योजक केकी घरडा यांच्या घरडा केमिकल्सने यावर वेगळी वाट काढली : निरनिराळ्या सल्फोनांचे तुकडे रासायनिक बंधाने एकाच साखळीत गुंफायचे. या कंपनीचा गुजरातेतील पानोलीचा सल्फोन व्यवसाय 2006 मध्ये बेल्जियमच्या सॉल्व्हेकडे गेला.

खरे उपयोगाचे मिश्रण मात्र परक्या बहुवारिकाशी झालेले आहे. पॉलिसल्फोनला पाण्याचे वावडे. म्हणून डायलिसिसच्या पोकळ तंतूंसाठी त्यात पाण्यात विरघळणारे पॉलिव्हिनिलपायरोलिडोन मिसळतात. या दोन्हींचे द्रावण पाण्यात सोडले की पॉलिसल्फोन गोठते, दुसऱ्याचा काही भाग धुऊन जातो आणि छिद्रांची जाळी तयार होते. उरलेला भाग तंतूला ओलावा धरायला लावतो. अशा हजारो बारीक तंतूंतून रुग्णाचे रक्त फिरते.

बाळाच्या बाटल्यांसाठी पीईएस व पीपीएसयू वापरतात. पीएसयू बिस्फेनॉल-ए पासून बनते, ही दोन त्याविना. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात 7 आकडा दिसेल, पण तो ‘इतर सर्व प्लास्टिके’ असे सांगतो आणि पॉलिकार्बोनेटवरही असतो. घेताना आकड्यावर विसंबू नये, पीईएस किंवा पीपीएसयू ही अक्षरे शोधावीत.