अवटू ग्रंथी : एका नावाचा व शेजाराचा इतिहास
(वाई व मिरज यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेस पुढून व दोन्ही बाजूंनी बिलगून असलेल्या ग्रंथीस मराठी परिभाषेत 'अवटू ग्रंथी' म्हणतात. व्यवहारात 'थायरॉइड' हाच शब्द रूढ आहे. या दोहोंपैकी एकही नाव मुळात त्या ग्रंथीचे नाही. दोन्ही शेजारच्या अवयवांची आहेत आणि त्यांतील एक तर मानेच्या विरुद्ध बाजूचे आहे. एकाच कृष्णेच्या खोऱ्यात, सातारा जिल्ह्यातील वाई येथे शरीराची मराठी नावे स्थिर होत असताना सांगली जिल्ह्यातील मिरजेत तेच शरीर इंग्रजीतून शिकविले जात होते. या पार्श्वभूमीवर सदर नामकरणाचा मागोवा येथे घेतला आहे.

रोगाचे नाव आधी, अवयवाचे नंतर

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वातज, कफज व मेदोज असे तीन प्रकार सांगितले आहेत. माधवनिदानात गलगंड, गंडमाला व अपची यांचा विचार एकत्र केलेला असला, तरी ते भिन्न मानले आहेत. मराठीनेही 'गलगंड' व 'गंडमाळ' हा भेद जपला. तो निव्वळ शाब्दिक नाही. अवटू ग्रंथी श्वासनलिकेपुढील पटलाने स्वरयंत्राशी बांधलेली असल्यामुळे गलगंड घोट गिळताना वरखाली होतो. गंडमाळ ही मानेतील लसिका ग्रंथींची सूज, बहुधा क्षयजन्य, आणि ती तशी हलत नाही. तथापि या ग्रंथांत नाव आहे ते सुजेला. निरोगी ग्रंथीस स्वतंत्र नाव दिलेले आढळत नाही.

'अवटु' हा शब्द मात्र जुना आहे. अमरकोशात तो घाटा व कृकाटिका यांच्या जोडीने येतो. म्हणजे त्याचा अर्थ मानेचा मागील भाग, मानगूट. आधुनिक परिभाषेत तोच शब्द गळ्याच्या पुढील बाजूच्या कूर्चेला आणि तिच्यावरून ग्रंथीला लावला गेला. पाश्चात्त्य नावाची कथा याहून फारशी वेगळी नाही. टॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने १६५६ मध्ये जवळच्या ढालीच्या आकाराच्या कूर्चेवरून या ग्रंथीस ग्रीक 'ढाल' या शब्दापासून बनलेले नाव दिले. ग्रंथीचे कार्य त्याला ठाऊक नव्हते. मान भरदार व सुंदर दिसावी हाही तिचा एक उपयोग असावा, असे त्याला वाटे!

शेजाराचे महत्त्व

ग्रंथीला शेजाऱ्याचे नाव मिळाले हा योगायोग असेल; शल्यकर्मात मात्र शेजारच निर्णायक ठरला. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोचर यांनी गलगंडाच्या शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा एकाहून कमी केले आणि १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळविले. संपूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण पुढे मंद व सुजट होतात, हेही त्यांनीच १८८३ मध्ये नोंदविले. ग्रंथीच्या मागे, श्वासनलिका व अन्ननलिका यांमधील खोबणीतून स्वरयंत्राची परावर्ती चेता वर चढते. डावी महारोहिणीच्या कमानीस वळसा घालून, तर उजवी अधोजत्रु रोहिणीस. ती दुखावली की आवाज घोगरा होतो. वरच्या रोहिणीलगत जाणारी दुसरी बारीक शाखा दुखावल्यास बोलणे टिकते, पण तार सप्तकातील स्वर हरवतात. अब्दुल करीम खाँ जेथे स्थायिक झाले आणि जेथील कारागिरांचे तंबोरे देशभर जातात, त्या मिरजेत या धाग्याएवढ्या चेतेचे मोल वेगळे सांगावयास नको.

चार परावटू ग्रंथींचा शोध तर याहून उशिरा लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मृत झालेल्या भारतीय गेंड्याच्या विच्छेदनात रिचर्ड ओवेन यांना त्या प्रथम दिसल्या. मनुष्यातील त्यांचे वर्णन इव्हार सँडस्ट्रॉम या स्वीडिश विद्यार्थ्याने १८८० मध्ये केले.

मिरज आणि वाई

मिरजेत विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उघडले आणि १८९७ पासून तेथे वैद्यकीय शिक्षणास आरंभ झाला. मिरज त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान होते. पुढे १९६२ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. सातारा जिल्ह्यात कराडला कृष्णा वैद्यकीय संस्था १९८४ मध्ये आली. शिक्षणाचे माध्यम सर्वत्र इंग्रजीच राहिले.

याच सुमारास वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालू होते. परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आणि 'अंक' ते 'आतुरचिकित्सा' हा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. अकारादी क्रमामुळे 'अवटू'चे स्थान पहिल्याच खंडात येते. तर्कतीर्थांसारख्या संस्कृतज्ञाच्या कार्यालयात 'अवटु'चा मूळ अर्थ अपरिचित असणे संभवत नाही. परंतु हा शब्द हिंदी परिभाषेतही रूढ होता आणि भारतीय भाषांत समान शब्द असणे सोयीचे होते. अर्थाच्या अचूकतेपेक्षा शब्दाची एकरूपता येथे वरचढ ठरली. ही निवड गैर म्हणता येत नाही, कारण इंग्रजी शब्दही ग्रंथीविषयी काहीच सांगत नाही. उणीव वेगळीच राहिली : 'गलगंड' या रुजलेल्या शब्दाशी 'अवटू'चे नाते कोठेच जुळत नाही. 'परावटू'मध्ये तर हा दुरावा दुप्पट होतो; मानगुटीवरून नाव मिळालेल्या ग्रंथीच्या बाजूची ती ग्रंथी.

मिरजेच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णास 'अवटू'विषयी विचारल्यास तो गोंधळेल. 'गळ्याला गाठ आहे का?' असे विचारले, की त्याचा हात आपोआप पुढे, नेमक्या जागी जातो.