चपळ पद्धती, सॉफ्टवेअर-प्रकल्पांच्या

संगणकाचे सॉफ्टवेअर आरंभी आखलेल्या संपूर्ण आराखड्यानुसार एकदम तयार न करता एक ते चार आठवड्यांच्या लहान आवर्तनांत थोडेथोडे तयार करणे, प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस प्रत्यक्ष चालणारा भाग वापरणाऱ्यांपुढे ठेवणे व त्यांच्या अभिप्रायानुसार पुढील आखणी बदलणे, या तत्त्वावर आधारलेल्या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या पद्धती. त्यांना ‘चपळ’ हे नाव २००१ मध्ये मिळाले. मूळ कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे.

सॉफ्टवेअर वेळेवर का होत नाही, हा प्रश्न १९६० नंतरच्या दशकात प्रथम तीव्रतेने पुढे आला. आयबीएम कंपनीच्या ‘सिस्टिम/३६०’ या संगणकमालेची (१९६४) कार्यकारी प्रणाली तयार करण्यासाठी एका वेळी हजाराहून अधिक माणसे राबत होती. तरीही ती लांबणीवर पडली. या कामाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये ग्रंथरूपाने त्याची मीमांसा केली. उशीर झालेल्या प्रकल्पावर माणसे वाढविल्यास तो आणखी लांबतो, हा त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. नवागतांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय ५ माणसांत परस्परसंपर्काच्या १० जोड्या असतात, तर ५० माणसांत त्या १,२२५ होतात. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या वतीने भरलेल्या परिषदेत या अडचणींची चर्चा झाली व ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा तेथून रूढ झाली.

अभियांत्रिकी म्हटल्यावर पूल वा धरण यांच्या बांधकामाचा नमुना पुढे येणे स्वाभाविक होते : प्रथम गरजांची निश्चिती, मग आराखडा, लेखन, चाचणी व शेवटी हस्तांतर. पाण्याप्रमाणे एकेक पायरी उतरणारी ही रचना पुढे ‘धबधबा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे जनकत्व सामान्यतः विन्स्टन रॉइस यांच्या १९७० मधील निबंधाकडे दिले जाते, पण हा त्यांच्यावर अन्यायच आहे. अंतराळयानांच्या सॉफ्टवेअरचा दीर्घ अनुभव असलेल्या रॉइस यांनी ती आकृती काढली खरी. परंतु अशा सरळ क्रमाने काम करणे धोक्याचे आहे, असे त्यांनी तेथेच बजावले होते. चाचणी अखेरीस होत असल्याने मूळ आराखड्यातील चूक तेव्हाच उघडकीस येते, हे त्याचे कारण. नव्या प्रकारचे सॉफ्टवेअर आधी एकदा लहान प्रमाणात करून पाहावे व दुसऱ्यांदा केलेले ग्राहकास द्यावे, अशी त्यांची सूचना होती. वाचकांनी आकृती उचलली व इशारा सोडून दिला. यामागे अज्ञानापेक्षा ठेकेपद्धतीची सोय अधिक असावी. निविदा काढणाऱ्यास काय विकत घ्यावयाचे हे आधी लिहून हवे असते आणि लेखापरीक्षकास प्रत्येक टप्प्याचे कागद हवे असतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या १९८५ च्या मानकाने ही क्रमवार पद्धती दृढ केली. १९९४ च्या मानकात ती शिथिल करण्यात आली.

आवर्तनांनी काम करण्याची परंपरा या काळातही खंडित झालेली नव्हती. मर्क्युरी या समानव अंतराळ-प्रकल्पाचे सॉफ्टवेअर अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या आवर्तनांत लिहिले गेले. अंतराळ-शटलाचे मुख्य उड्डाण-सॉफ्टवेअर १९७७–८० मध्ये ३१ महिन्यांत १७ आवर्तनांनी सिद्ध झाले. वेगळी प्रेरणा जपानमधून आली. हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये होंडा, कॅनन इ. कंपन्यांतील नव्या वस्तूंच्या निर्मितीचा अभ्यास मांडताना, काम एका विभागाकडून दुसऱ्याकडे सोपविण्याऐवजी रग्बीच्या संघाप्रमाणे सर्वांनी मिळून पुढे नेण्याचे तत्त्व सांगितले. त्या खेळातील ‘स्क्रम’ हा शब्द घेऊन जेफ सदरलंड (१९९३) व केन श्वेबर यांनी आपली पद्धती बसविली आणि १९९५ मध्ये ती जाहीरपणे मांडली. तीत कामांची अग्रक्रमानुसार यादी, ठराविक मुदतीची ‘स्प्रिंट’ (धाव), रोजची सु. १५ मिनिटांची बैठक व अखेरचे सिंहावलोकन हे घटक असतात. यादीचा क्रम ठरविण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असतो. केंट बेक यांनी क्रायस्लर कंपनीच्या वेतन-प्रणालीवर काम करताना आत्यंतिक आज्ञालेखन पद्धती (एक्सपी) विकसित केली. तीत दोघांनी एका संगणकावर बसून लिहिणे व चाचणी आधी लिहिणे यांवर भर आहे. ती वेतन-प्रणाली मात्र २००० मध्ये बंद करण्यात आली, ही गोष्ट पद्धतीचे प्रशंसक क्वचितच सांगतात. फेब्रुवारी २००१ मध्ये यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांनी चार मूल्ये व बारा तत्त्वे यांचा जाहीरनामा काढला.

या पद्धतीची कसोटी पाहणारे उदाहरण अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेचे. गुन्ह्यांच्या कागदपत्रांची तिची संगणकीय प्रणाली सु. १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून द्यावी लागली. गरजांचा दस्तऐवज आठशेहून अधिक पानांचा होता. ‘सेंटिनेल’ ही तिची उत्तराधिकारी प्रणालीही रखडली. ऑगस्ट २०१० पर्यंत ४५.१ कोटींपैकी सु. ४०.५ कोटी डॉलर संपले व चारपैकी दोनच टप्पे झाले होते. तेव्हा संस्थेने काम स्वतःकडे घेऊन दोन आठवड्यांच्या आवर्तनांनी चालविले व जुलै २०१२ मध्ये प्रणाली सुरू केली. दोन टप्पे आधीच हाती होते, हे श्रेय वाटताना ध्यानात घ्यावयास हवे.

प्रसारासोबत विपर्यासही आला. अनेक कार्यालयांत रोजची बैठक हजेरीसारखी झाली व कामाच्या आकाराचे अंदाज माणसे मोजण्यासाठी वापरले जाऊ लागले. जाहीरनाम्यावर सही करणारे डेव्ह टॉमस यांनी २०१४ मध्ये ‘चपळ’ या शब्दाचा बाजार झाल्याची टीका केली. परदेशी ग्राहकांचे काम करणाऱ्या पुणे, बंगळूर इ. शहरांतील कंपन्यांपुढे निराळी अडचण आहे. पद्धती ग्राहकाचे नित्य सान्निध्य गृहीत धरते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा पुण्यात हिवाळ्यात सायंकाळचे ७·३० झालेले असतात. ठरीव किंमतीचा करार असल्यास गरजा बदलण्याची मोकळीक कागदावरच राहते. विमाने, वैद्यकीय उपकरणे यांच्या सॉफ्टवेअरसाठी तपशीलवार दस्तऐवज नियमांनीच आवश्यक असल्याने तेथे आवर्तने व टप्पे यांची सांगड घालण्यात येते.