नुसतं बघून ठरवलेला आकडा

लेझर क्लिनिकच्या फॉर्मवर ‘स्किन टाइप’ असा एक रकाना असतो. हातावरचे केस काढायला मी एका क्लिनिकमध्ये गेले, तेव्हा तिथल्या मुलीनं माझ्या मनगटाकडे एकदा पाहिलं आणि ५ लिहून टाकलं. विचारलं काहीच नाही. आज त्या आकड्याची गोष्ट. कारण गंमत अशी, की नुसतं बघून ठरवण्यात फसगत झाली म्हणूनच तो जन्माला आला.

गोष्ट बॉस्टनची, १९७० च्या दशकातली. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक आणि त्यांचे सहकारी सोरायसिसवर नवा उपचार करून बघत होते. सोरालेन गटातली गोळी घ्यायची आणि दोनेक तासांनी अतिनील किरणांच्या दिव्यांसमोर उभं राहायचं. गोळीमुळे कातडी त्या किरणांना हळवी होते. डॉक्टर याला ‘पुवा’ म्हणतात. १९७४ साली यावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. लेखकांच्या यादीत पाठक हे आडनाव दिसलं आणि माझे कान टवकारले! जाता जाता सांगते, सोरालेन हे नाव सोरालिया या वनस्पतीवरून आलं, म्हणजे आपली बावची. कोडावर बावची लावून उन्हात बसायचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे.

तर प्रश्न होता मात्रेचा. कुणाला किती वेळ दिव्यांसमोर ठेवायचं? सुरुवातीला केसांचा आणि डोळ्यांचा रंग बघून ठरवलं. काळे केस, तपकिरी डोळे, म्हणजे याला जास्त सोसेल. पण त्यातलेच काही गोरे रुग्ण चांगलेच भाजले. मग १९७५ मध्ये फिट्झपॅट्रिकनी बघणं सोडलं आणि विचारायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, हिवाळाभर झाकलेली कातडी भर दुपारी पाऊण-एक तास उन्हात राहिली, तर दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखी लाल होते का? आणि आठवड्यानं रापते का? एवढंच. नेहमी भाजते, कधीच रापत नाही, तो टाइप १. क्वचितच भाजते आणि छान रापते, तो टाइप ४.

हे चारही प्रकार गोऱ्यांचेच होते बरं का. सावळ्यांसाठी ५ आणि काळ्यांसाठी ६ नंतर जोडले, आणि ते मात्र रंगावरूनच. म्हणजे आपल्यापर्यंत येताना प्रश्न गळाला आणि नजर परत आली. मला हे खटकतं.

त्याच सुमाराला जर्मनीत फ्रिडरिश वोल्फ यांनी टॅनिंग बेडचा धंदा उभा केला आणि तो अमेरिकेत पोचला. काचेच्या पेटीत आडवं व्हायचं, आजूबाजूला दिवे, प्रामुख्यानं अतिनील-ए किरणांचे. तिथंही हे टाइप पोचले. डॉक्टरांनी जपून वागण्यासाठी केलेलं कोष्टक सलूनमध्ये मिनिटांचं वेळापत्रक झालं. टाइप १ ला कमी मिनिटं, ४ ला जास्त. अहो, पण टाइप १ चा अर्थच हा, की ही कातडी रापतच नाही! तिला एक मिनिट तरी कशासाठी? आणि नव्यानं रापणं म्हणजे पेशींमधल्या डीएनएला इजा झाल्यावर कातडीनं केलेली धडपड. ‘सुट्टीला जाण्याआधी थोडं रापून घ्या, मग भाजणार नाही’ हा सल्ला त्या धंद्यानं वर्षानुवर्षं दिला.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं टॅनिंग बेडना पहिल्या गटात टाकलं, म्हणजे तंबाखूच्या पंगतीला. तिशीच्या आत सुरुवात केली तर मेलानोमाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. ब्राझीलनं त्याच वर्षी सौंदर्यासाठीच्या टॅनिंगवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियातही पुढे ही सलून बंद झाली.

आपल्याकडे उलटं. आपण रापलेलं उतरवायला ‘डी-टॅन’चे पैसे मोजतो. पण लेझरमुळे तो आकडा आपल्याकडेही आलाच. लेझरचा प्रकाश कातडीतलं मेलॅनिनही शोषून घेतं. नुकत्याच रापलेल्या कातडीत ते जास्त असतं, म्हणून भाजायची भीतीही जास्त. मी आठच दिवसांपूर्वी मालवणहून आले होते, चांगली रापून. तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं. हातावर दोन डाग पडले, ते जायला चार महिने लागले.