तटस्थ कोणाला म्हणावे?

'तटस्थ' हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. तट म्हणजे काठ. काठावर उभा तो तटस्थ. पण बुडणाऱ्याची गंमत पाहणारा आणि त्याला दोर टाकणारा, हे दोघेही काठावरच असतात! संपाच्या दिवसांत "आम्ही तटस्थ" म्हणणारे मला पुष्कळ भेटले. त्यांचे मौन बहुधा मालकाच्याच पदरात पडते. कारण बलवानाला मदत लागत नाही. इतर गप्प राहिले की त्याचे भागते.

कौटिल्याने 'मध्यम' राजा सांगितला आहे. तो दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या सीमेला लागून असतो. दोघांना साहाय्य करण्यास, आणि ते एकेकटे असता त्यांना आवरण्यासही समर्थ असतो. म्हणजे मध्ये उभे राहणे हे समर्थाचे काम होय.

या कामाची कसोटी १९५३ साली कोरियात लागली. २७ जुलैला शस्त्रसंधी झाली. पण मायदेशी परतण्यास नकार देणारे सुमारे २३ हजार युद्धकैदी उरले. त्यांच्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमण्यात आले. स्वीडन व स्वित्झर्लंड ही एका पक्षाच्या पसंतीची, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्याच्या, आणि अध्यक्षपद भारताकडे. जनरल थिमय्या अध्यक्ष झाले. कैद्यांचा ताबा एकट्या भारतीय सैनिकांकडे होता, आणि त्यांचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी तर या सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊलही ठेवू दिले नाही. त्यांना बोटींवरून हेलिकॉप्टरने छावणीकडे न्यावे लागले.

कैद्यांना सोडावे की ठेवून घ्यावे, यावर दोन्ही पक्षांचे जमेना. शेवटी जानेवारी १९५४ मध्ये भारताने बहुतेक कैदी ज्यांचे त्यांच्या स्वाधीन केले. दोन्हीकडून बोल लागला. दोन्ही पक्षांना नाकारणारे ८८ जण मात्र आपल्या सैनिकांबरोबर भारतात आले.

श्रोतेहो, तटस्थ माणूस पक्ष घेत नाही, पण प्रश्न अंगावर घेतो. गावचा पंच दोन्ही बाजू ऐकतो, निवाडा देतो आणि दोघांच्या शिव्या खातो. यातले काहीच जो करीत नाही, त्याला तटस्थ म्हणू नये. त्याच्यासाठी 'बघ्या' हा चांगला मराठी शब्द आहे.